स्वस्तातला गोल्फ : जवळच्या सार्वजनिक मैदानावरची एक फेरी कशी आखावी

(मध्य न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींच्या मासिक व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी प्रश्नोत्तरांतला निवडक भाग दिला आहे.)

आजचा विषय जाहीर झाल्यावर मला दोन फोन आले. एकाने विचारलं, "अरे, तू गोल्फ कधीपासून खेळायला लागलास? लॉटरी लागली का?" दुसऱ्याने विचारलं, "मागच्या महिन्यात तुकारामांवर व्याख्यान होतं, या महिन्यात गोल्फवर. आपलं चाललंय काय?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरं ओघात येतीलच.

आधी एक कबुली देतो. मी चांगला खेळाडू नाही. चेंडू कसा मारावा हे सांगायला मी उभा नाही. ते यूट्यूबवर हजार लोक सांगतात. पण खेळाच्या आधी जे ठरवायचं असतं, म्हणजे कुठे जायचं, किती वाजता, कोणाबरोबर, किती पैशांत, ते फारसं कोणी सांगत नाही. पहिल्यांदा गेलेला माणूस परत जात नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा त्याचा खेळ नसतो, त्याची आखणी फसलेली असते. हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतोय.

पहिली फेरी, जी फसली

सात-आठ वर्षांपूर्वी माझे वडील सहा महिन्यांसाठी इथे आले होते. आई गेल्यानंतरची त्यांची ही पहिलीच फेरी. बाबा एसटीतून निवृत्त झालेले, कराड आगारात वाहतूक नियंत्रक होते. उभा जन्म स्टँडवर, माणसांत गेलेला. इथे काय? सकाळी आम्ही दोघं कामावर, नातवंडं शाळेत, आणि बाबा खिडकीत. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हे चित्र आहे, मला ठाऊक आहे. एकदा ते मला म्हणाले, "रस्त्यावर गाड्या दिसतात, माणूस दिसत नाही. इथे माणसं चालतात तरी कुठे?"

मी नुकताच ऑफिसातल्या मित्रांबरोबर ड्रायव्हिंग रेंजवर जायला लागलो होतो. बाबांना दोन-तीनदा नेलं. त्यांना गंमत वाटली. बादलीभर चेंडू, एक काठी, मारत राहायचं. मग मला वाटलं, आता खऱ्या मैदानावर जाऊ. जूनमधल्या एका शनिवारी सकाळी दहाची वेळ घेतली. अठरा होल, मोठं मैदान, आणि आम्ही दोघं नवशिके.

चौथ्या होलपर्यंत मागे दोन गट तुंबले. आम्ही झाडीत चेंडू शोधतोय, मागचे लोक कमरेवर हात ठेवून उभे. सातव्या होलवर मार्शल गाडी घेऊन आला. सभ्यपणे बोलला, पण म्हणाला, "चेंडू उचला आणि पुढच्या होलवर जा." बाबांना इंग्रजी बेताचंच येतं, पण उचला म्हणजे काय ते त्यांना कळलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर सोडणारा माणूस, आणि त्याच्यामुळे सगळ्यांना उशीर होतोय. नवव्या होलनंतर आम्ही घरी आलो. गाडीत ते काही बोलले नाहीत. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "मला परत नको नेऊस. आणि चूक खेळाची नाही, वेळापत्रक चुकलं तुझं."

मंडळी, ते अगदी बरोबर बोलले होते. त्या दिवशी माझे पाच निर्णय चुकले होते. आजचं व्याख्यान त्या पाच निर्णयांवर आहे.

पहिला निर्णय : कुठलं मैदान?

सर्वांत आधी एक गैरसमज काढून टाकू. गोल्फ श्रीमंतांचा खेळ, हे अर्धंच खरं आहे. अमेरिकेत ढोबळमानाने तीन प्रकारची मैदानं आहेत. एक खाजगी क्लब. तिथे सभासदत्व लागतं, आणि ते आपल्यासाठी नाही असं समजून चाला. दुसरी खाजगी मालकीची, पण पैसे भरून कोणालाही खेळू देणारी. आणि तिसरी सार्वजनिक, म्हणजे काउंटीची किंवा टाऊनशिपची. ही तुमच्या-माझ्या करातून उभी राहिलेली असतात. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समधलं व्हॅन कॉर्टलंड पार्कचं मैदान 1895 सालचं आहे, देशातलं सर्वांत जुनं सार्वजनिक गोल्फ मैदान. म्हणजे ही कल्पना सव्वाशे वर्षांहून जुनी आहे.

आपल्या आसपास पाहा. मिडलसेक्स काउंटीची ईस्ट ब्रन्सविकला टॅमरॅक, प्लेन्सबोरोला मेडोज आणि पिस्कॅटवेला रॅरिटन लँडिंग. सॉमरसेट काउंटीची क्वेल ब्रुक, स्पूकी ब्रुक, ग्रीन नोल. युनियन काउंटीचं गॅलपिंग हिल. आणि स्कॉच प्लेन्स टाऊनशिपचं नऊ होलचं छोटं मैदान, स्कॉच हिल्स कंट्री क्लब. आता या नावातल्या 'कंट्री क्लब'ला घाबरून मी कित्येक वर्षं त्या पाटीवरून गाडी नेत होतो. वाटायचं, आपलं काय काम तिथे! प्रत्यक्षात ते टाऊनशिपचं मैदान. तेव्हा पाटी वाचून ठरवू नका. फोन करा आणि एकच विचारा : बाहेरच्या माणसाला खेळता येतं का?

मग लांबी पाहायची. प्रत्येक होलला 'पार' ठरलेला असतो, म्हणजे चांगल्या खेळाडूने किती फटक्यांत तो पुरा करावा याचा आकडा. तीन, चार किंवा पाच. पूर्ण अठरा होलच्या मैदानाचा एकूण पार साधारण सत्तर ते बहात्तर असतो. जिथे तीन पारचे होल जास्त असतात, त्या आखूड मैदानाला इथे 'एक्झिक्युटिव्ह' म्हणतात. नाव भारदस्त, पण नवशिक्यासाठी आणि वयस्कर माणसासाठी तेच सर्वांत चांगलं.

एक सोपं गणित सांगतो, हे खेळाडूंमध्ये प्रचलित आहे. पाच नंबरच्या आयर्नने तुमचा चेंडू साधारण किती यार्ड जातो ते पाहा. सर्वांत चांगला फटका धरू नका, नेहमीचा धरा. त्या आकड्याला 36 ने गुणा. तेवढ्या लांबीचं अठरा होलचं मैदान तुम्हाला झेपतं. नऊ होल असतील तर 18 ने गुणा. माझा फटका जातो 125 यार्ड. गुणिले 36, म्हणजे 4,500 यार्ड. त्या शनिवारी आम्ही खेळत होतो सहा हजारांवर! म्हणजे घाटात पहिल्याच दिवशी ट्रक चालवायला बसल्यासारखं झालं.

मैदान तेच असलं तरी सुरुवातीची जागा, म्हणजे 'टी', वेगवेगळ्या रंगांच्या असतात. पुढच्या रंगावरून खेळलात तर मैदान आपोआप आखूड होतं. पूर्वी लोक पुढच्या टीला बायकांची टी म्हणायचे आणि पुरुष तिथून खेळायला लाजायचे. ती लाज सोडा. 2011 मध्ये अमेरिकन गोल्फ संघटनेने आणि व्यावसायिकांच्या संघटनेने मिळून मोहीमच काढली होती की, बाबांनो, पुढून खेळा.

दुसरा निर्णय : वेळ

शनिवार-रविवारची सकाळ ही सर्वांत महाग आणि सर्वांत गर्दीची. नवशिक्याने त्या वेळी जाणं म्हणजे गणपतीच्या आदल्या दिवशी दादरला फुलं आणायला जाणं. आपल्याला हवी कामाच्या दिवसाची दुपार किंवा संध्याकाळ. दुपारनंतर बहुतेक मैदानांवर दर उतरतो, त्याला 'ट्वायलाइट' दर म्हणतात. तो किती वाजता सुरू होतो ते ऋतूप्रमाणे बदलतं, म्हणून फोनवर विचारायचं.

आता वेळापत्रक. हे मला बाबांनी शिकवलं. एसटीत गाडी सुटायची वेळ पोहोचायच्या वेळेवरून ठरते. तसंच इथे सूर्यास्तापासून मागे मोजायचं. आपल्याकडे जूनच्या अखेरीस सूर्य साडेआठला मावळतो, सप्टेंबरच्या सुरुवातीला साडेसातला, आणि ऑक्टोबरच्या मध्यावर सव्वासहाच्या सुमारास. अठरा होलना साधारण साडेचार तास लागतात, नऊ होलना सव्वादोन. त्यात अर्धा तास राखीव टाका. म्हणजे सप्टेंबरच्या सुरुवातीला नऊ होल खेळायचे तर पावणेपाचला सुरुवात व्हायला हवी. ऑक्टोबरच्या मध्यावर साडेतीनला. ट्वायलाइट स्वस्त मिळालं म्हणून उशिराची वेळ घेतली आणि सहाव्या होलवर अंधार पडला, तर ते स्वस्त नाही, महागच पडलं.

निसर्गाच्या आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवा. शरदात सकाळी गवतावर हिमकण असतात, तेव्हा मैदान उशिरा उघडतं. गोठलेल्या पात्यावर पाय पडला की आतल्या पेशी फुटतात, आणि तुमचं पाऊल तिथे काळ्या-पिवळ्या डागासारखं उमटतं. म्हणून थांबवतात, उगाच नाही. दुसरं, वसंतात आणि उन्हाळा सरताना ग्रीनला बारीक भोकं पाडून त्यात वाळू भरतात, मुळांना हवा मिळावी म्हणून. त्या आठवड्यात चेंडू उड्या मारत जातो. फोनवर विचारा, "ग्रीनला भोकं पाडलीत का अलीकडे?" पाडली असतील तर कधी कधी दरात सूट मिळते, आणि आपल्यासारख्याला तेवढा फरक पडतही नाही. तिसरं, मोठ्या पावसानंतर बॅटरीची गाडी गवतात नेऊ देत नाहीत, फक्त डांबरी वाटेवर. मग प्रत्येक फटक्याला वाटेपासून चेंडूपर्यंत आणि परत अशी पायपीट होते. त्या दिवशी सरळ चालत खेळलेलं बरं.

तिसरा निर्णय : पैसे

मैदानाचा दर, म्हणजे ग्रीन फी, हा खर्चाचा एक भाग झाला. त्यावर बॅटरीची गाडी, काठ्या भाड्याने घेतल्या तर त्यांचं भाडं, चेंडू, आणि खाणं. पहिल्यांदा गेलेला माणूस ग्रीन फी बघून जातो आणि दुप्पट खर्च करून येतो.

काउंटीच्या मैदानांवर रहिवाशांसाठी वार्षिक कार्ड असतं. ते घ्यावं का? साधा भागाकार आहे. कार्डाची किंमत भागिले प्रत्येक फेरीला होणारी बचत. समजा कार्ड चाळीस डॉलरचं आहे आणि फेरीमागे दहा वाचतात. मग चार फेऱ्यांत वसूल, पाचवीपासून फायदा. वर्षात तीनदाच जाणार असाल तर घेऊ नका. ज्येष्ठ नागरिकांचा दर वेगळा असतो, तो विचारा. बऱ्याच ठिकाणी तो फक्त कामाच्या दिवशी लागू असतो. आईवडील पाहुणे म्हणून आले असतील तर तो त्यांना मिळतो का, हेही आधीच विचारून घ्या.

गाडी घेऊ नका, चाला. नऊ होल म्हणजे चार-पाच किलोमीटर चाल होते. आपण जिमला पैसे देतो चालायचे आणि इथे पैसे देतो न चालायचे! पाठ दुखत असेल तर दोन चाकांची ओढगाडी भाड्याने मिळते, ती स्वस्त असते.

काठ्या किती? नियमाप्रमाणे जास्तीत जास्त 14. म्हणजे 14 लागतातच असं नाही. सात पुरतात. एक लांब पल्ल्याची, एक हायब्रिड, सहा आणि आठ नंबरच्या आयर्न, एक पिचिंग वेज, एक सँड वेज आणि पटर. जुन्या सामानाच्या दुकानात, कोणाच्या गॅरेज सेलमध्ये हे मिळून जातं. चेंडू वापरलेले घ्या. नवा कोरा महाग चेंडू आणि पुढ्यात तळं, यांची गाठ पडली की मनच चेंडू मारत नाही.

आणि शेवटचं : ऑनलाइन वेळ घेताना मधल्या संकेतस्थळाचं वेगळं शुल्क असतं का आणि पावसात पैसे परत मिळतात का, हे वाचा. पुष्कळदा थेट मैदानाला फोन केलेला स्वस्त पडतो. फोनवरचा माणूस सहसा बोलका असतो. सगळ्यात रिकामी वेळ कोणती, ते त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

चौथा निर्णय : कोणाबरोबर, आणि कसं वागायचं

गट चारजणांचा असतो. तुम्ही एकटे किंवा दोघं गेलात तर तुम्हाला अनोळखी माणसांबरोबर जोडतात. आपली माणसं इथे बिचकतात. बिचकू नका. पहिल्या टीवर जो माणूस असतो, त्याला स्टार्टर म्हणतात, त्याला सरळ सांगा, "आम्ही नवीन आहोत." लपवलंत तर तो तुम्हाला जलद गटात टाकेल. सांगितलंत तर सांभाळून घेईल.

मैदानावर तुम्ही वाईट खेळलात तर कोणालाही काही वाटत नाही. हे मनावर कोरून घ्या. हळू खेळलात तर वाटतं. म्हणून नियम असे : ज्याची तयारी झाली त्याने मारावं, पाळीची वाट पाहू नये. चेंडू हरवला तर तीन मिनिटं शोधायचं. 2019 पर्यंत पाच मिनिटं होती, मग कमी केली. आपण तर एकच मिनिट शोधायचं आणि दुसरा टाकायचा. पारच्या दुप्पट फटके झाले की चेंडू उचलायचा, कोणी सांगायच्या आधी, आपण होऊन. पुढचा होल रिकामा असेल आणि मागे गट थांबला असेल तर बाजूला होऊन हात करायचा : या, पुढे जा. हात केला की मागचे लोक टोपी उंचावतात. आपण होऊन वाट दिली तर तो आपला मोठेपणा असतो, मार्शलने सांगितल्यावर दिली तर अपमान वाटतो. क्रिया तीच आहे, फरक फक्त आखणीचा.

पाचवा निर्णय : होल कसा खेळायचा, आणि जॉन शिपनची गोष्ट

आता जरा इतिहास. मगाशी स्कॉच हिल्सचं नाव घेतलं. त्या मैदानाचं जुनं नाव होतं 'शेडी रेस्ट'. 1921 मध्ये काही कृष्णवर्णीय मंडळींनी ते विकत घेतलं. देशातल्या कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या पहिल्या कंट्री क्लबांत त्याची गणना होते. ड्यूक एलिंग्टन, काउंट बेसी, एला फिट्झगेराल्ड या कलाकारांच्या मैफली तिथे झाल्या. कारण इतर क्लबांची दारं त्यांना बंद होती. 1964 मध्ये टाऊनशिपने कारभार हाती घेतला आणि नाव बदललं.

तिथे अनेक वर्षं मैदान सांभाळणारा आणि शिकवणारा माणूस होता जॉन शिपन. अमेरिकेत जन्मलेला पहिला व्यावसायिक गोल्फपटू असं त्याला मानतात. त्याचे वडील लाँग आयलंडवर शिनकॉक या मूळनिवासी जमातीच्या वस्तीत धर्मोपदेशक होते. शेजारी शिनकॉक हिल्सचं मैदान झालं, तिथे हा मुलगा खेळाडूंच्या पिशव्या उचलता उचलता खेळ शिकला. 1896 ची यूएस ओपन त्याच मैदानावर होती. शिपन तेव्हा फक्त सोळा वर्षांचा. तो आणि शिनकॉक जमातीचा ऑस्कर बन, या दोघांची नावं पाहून इतर व्यावसायिकांनी धमकी दिली की आम्ही खेळणार नाही. संघटनेचे अध्यक्ष थिओडोर हेवमायर यांनी सांगितलं, दोघंच उरले तरी स्पर्धा होणार. मग सगळे खेळले.

पहिल्या फेरीनंतर शिपन आघाडीच्या खेळाडूंत होता. दुसऱ्या फेरीत तेराव्या होलवर त्याचा चेंडू वाळूच्या रस्त्यावर गेला. तिथून बाहेर काढता काढता त्या एका होलवर अकरा फटके झाले. त्याची एकूण बेरीज झाली 159. विजेत्या जेम्स फॉलिसची 152. आता वजाबाकी करा. त्या होलवर चार झाले असते तर बरोबरी!

हे मी दोन कारणांसाठी सांगतो. खेळाचं कारण असं : फेरी पस्तीस चांगल्या होलनी घडत नाही, एका वाईट होलने बिघडते. आपल्यासारख्यांनी होल आखताना सर्वोत्तम फटका डोळ्यांसमोर ठेवायचाच नाही. चार पारचा लांब होल असेल तर मनात त्याला पाचचा समजा. पहिला फटका रुंद जागेत. दुसरा पाण्याच्या किंवा वाळूच्या अलीकडे. तिसरा ग्रीनवर. मग दोन पट. झाडीत गेलात तर झाडांमधल्या फटीतून हिरोगिरी करू नका, आडवा चेंडू मारून मोकळ्यावर या. एक फटका जातो, सात वाचतात.

दुसरं कारण आपल्या हक्काचं आहे. व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेच्या घटनेत 1934 पासून 1961 पर्यंत 'फक्त गोऱ्यांसाठी' असं कलम होतं. सार्वजनिक मैदानांची गोष्ट तर आणखी लाजिरवाणी. अटलांटात शहराच्या मालकीच्या मैदानावर होम्स कुटुंबाला खेळू दिलं नाही, ते न्यायालयात गेले, आणि 1955 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. कर सगळ्यांनी भरायचा आणि मैदान काहींचं, हे चालणार नाही. आज आपण सावळ्या रंगाची माणसं फोन करून सहज वेळ घेतो, त्यामागे हे सगळं आहे.

दुसरी फेरी

बाबांना परत न्यायला मला सप्टेंबर उजाडला. यावेळी मी आधी कागद केला. मैदान : स्कॉच हिल्स, नऊ होल. वार : मंगळवार. सूर्यास्त साडेसात, म्हणून सुरुवात पावणेपाचला. पुढची टी, सात काठ्या दोघांत, चालत. पारच्या दुप्पट झाले की उचलायचं. कागद बाबांसमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो आगारातल्या तक्त्यासारखा तपासला आणि विचारलं, "मधे पाणी कुठे?" मी बाटल्या लिहिल्या. मग म्हणाले, "चल."

स्टार्टरने आमच्याबरोबर एका कृष्णवर्णीय गृहस्थांना जोडलं. सत्तरीचे, टपाल खात्यातून निवृत्त. त्यांचे गुडघे आणि बाबांचे गुडघे यांची ओळख पहिल्याच चढावर झाली. बाबांचं इंग्रजी तीस-चाळीस शब्दांचं, पण त्यात 'बस', 'ड्यूटी', 'पेन्शन' होते, आणि तेवढे पुरले. चौथ्या होलवर त्या गृहस्थांनी सांगितलं की लहानपणी ते वडिलांबरोबर इथे यायचे, तेव्हा हे शेडी रेस्ट होतं. दुसरीकडे आम्हाला घेत नसत, म्हणाले. मी बाबांना मराठीत समजावलं. बाबा थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "म्हणजे चवदार तळंच की."

मी त्या गृहस्थांना महाडची गोष्ट सांगितली. मुंबई कायदेमंडळाने 1923 मध्ये ठराव केला होता की सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले, तरी तळं बंदच राहिलं. आणि 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन तिथे गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग बाबांना म्हणाले, "युअर शॉट, सर."

आम्ही सात वाजायला पाच मिनिटं असताना संपवलं. बाबांनी नऊपैकी पाच होलवर चेंडू उचलला, पण एका तीन पारच्या होलवर चार फटक्यांत आत घातला. परत येताना गाडीत म्हणाले, "पुढच्या मंगळवारी पुन्हा तीच गाडी."

ऑक्टोबरच्या अखेरीस ते परत गेले, तोवर आम्ही सहा मंगळवार खेळलो. दोनदा ते गृहस्थ भेटले. बाबा आता चौऱ्याऐंशीचे आहेत, पुन्हा विमानप्रवास होणार नाही. पण दर वर्षी एप्रिलमध्ये फोनवर विचारतात, "बर्फ गेला का? मैदान उघडलं का?" खेळ कसा झाला ते विचारत नाहीत. वेळेवर निघालास का, एवढंच विचारतात.

म्हणून मंडळी, विषय गोल्फचा असला तरी माझं म्हणणं साधं आहे. घरात खिडकीशी बसलेलं एखादं माणूस असेल, तर त्याच्यासाठी करातून चालणारं मैदान दहा मैलांवर आहे. फक्त नीट आखून न्या. एवढं बोलून थांबतो.

प्रश्नोत्तरं

प्रश्न : कपड्यांचे काही नियम असतात का? सासूबाई साडी नेसतात. त्यांना नुसतं चालायला नेता येईल?

कॉलरचा शर्ट, साधी पॅंट, सपाट तळाचे बूट, एवढ्यावर सार्वजनिक मैदानावर भागतं. साडीचं मैदानाला विचारून घ्या; मी ओल्या गवताच्या दृष्टीने सलवार-कमीज सुचवेन. न खेळता सोबत चालायचं असेल तर आधी परवानगी लागते, कारण चेंडू लागण्याची जबाबदारी असते. काही ठिकाणी देतात, काही ठिकाणी नाही. दिली तर त्यांनी नेहमी मारणाऱ्याच्या मागे राहायचं, पुढे कधीच नाही.

प्रश्न : पण एवढी जमीन, एवढं पाणी, खतं. हा खेळ पर्यावरणाला परवडतो का?

आक्षेप योग्य आहे, मी टाळणार नाही. गोल्फ जमीन आणि पाणी खातो. नवीन मैदानासाठी रान तोडू नये, हे माझंही मत आहे. पण टाऊनशिपच्या मैदानाचा हिशेब जाहीर सभेत मांडला जातो. तिथे कोणते फवारे मारता, गवत किती ठिकाणी वाढू देता, हे तुम्ही उभं राहून विचारू शकता. खाजगी क्लबात ती सोय नाही. फक्त त्या सभेला आपली माणसं जात नाहीत. खेळायला जा, आणि सभेलाही जा.

प्रश्न : मुलांना कोणत्या वयात न्यावं?

वय नाही, लक्ष किती वेळ टिकतं ते पाहा. आधी फक्त पटिंगच्या हिरवळीवर न्या. बहुतेक ठिकाणी तिथे पैसे पडत नाहीत. मग तीन होल. कंटाळा यायच्या आधी घरी आणा. बाबांच्या भाषेत सांगायचं तर, पहिल्या दिवशी जवळचा थांबा. लांब पल्ल्याची गाडी नंतर.